धडधाकट

इंगवले साहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि एक लांब भुरका घेऊन म्हणाले, "फक्कड झालाय, आजी. दूध घरचं दिसतंय."

आई उंबऱ्यात बसली होती. साहेब आमच्या अंगणातल्या बाजेवर बसले होते, साध्या कपड्यांत, बूट काढून. तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा मुख्य अधिकारी असा मोजे दाखवत बाजेवर बसला की समजावं, काम सरकारी नाही. गाडीसुद्धा त्यांनी लांब, गावाबाहेरच्या चिंचेखाली लावली होती.

"उद्या चौकशी आहे," ते म्हणाले. "मॅजिस्ट्रेट बाई येतायत. तुम्हाला विचारतील, आमच्या ताब्यात दिला तेव्हा सुखदेव कसा होता. आता आजारीच होता तो, नाही का? अंगात काही राहिलंच नव्हतं. तेवढं सांगायचं. गेलेला माणूस काही परत येत नाही."

"आजारी नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू अंकुश. धाकटा. गुरांचा टेम्पो तुझाच ना? बाजार-बाजार फिरतोस. जपून राहा बाबा. हल्ली वैरणीत कोण काय लपवेल, काही नेम नाही. आणि ज्याच्या गाडीत सापडलं तो आत, कायदाच तसा आहे. दहा-दहा वर्षं माणूस सुटत नाही." मग बशी खाली ठेवून, अगदी मायेनं म्हणाले, "आजींना आता तू एकटाच राहिलास."

मी गुरांचा व्यापारी. मारक्या बैलाचं एक बरं असतं, तो मारायच्या आधी मान खाली घालतो. हा माणूस हसत होता.

आई पहिल्यांदा बोलली. "साहेब, तुमाला लेकरं किती?"

"दोन."

"सकाळी निगताना बघून निगालात का त्यास्नी?"

साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण बूट घालताना त्यांच्या नाडीची गाठ काही लवकर बसेना.

ते गेल्यावर आईने कपबशी विसळून पालथी घातली आणि ती गोठ्यात निघून गेली. आता हे प्रकरण आमच्या अंगणापर्यंत कसं आलं, ते सांगतो.

आमचा धंदा हेडीचा, म्हणजे गुरं घ्यायची आणि विकायची. वडील लवकर गेले. गुरांच्या बाजारात बायका शेळी-कोंबडी घेऊन येतात, बैलाच्या दावणीला हात लावत नाहीत. आईने, सोजरबाईने, लावला. आधी लोक हसले. पुढे पुढे बैल घेण्याआधी तिला विचारायला यायला लागले. तिच्या जिवावर आम्ही दोघे भाऊ वाढलो. सुखदेव थोरला, तो टेम्पो चालवायचा. एकदा घाटात टेम्पो उलटला आणि त्याच्या पाठीचा मणका दुखावला. दुखणं थांबावं म्हणून दवाखान्याने गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबेनात. पुढे त्या गोळ्यांवर सरकारने बंदी आणली, तेव्हा तो चोरून घेऊ लागला. त्या काळात घरातला पितळी हंडासुद्धा आम्ही शेजाऱ्यांकडे ठेवत होतो.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने जिभेखाली धरायची एक गोळी सुरू केली. ही घेतली की जुन्या गोळ्यांची आठवण येत नाही, रोज घ्यायची, हळूहळू कमी करायची, मधेच तोडायची नाही, असं त्याने मला बजावून सांगितलं. आठवड्याच्या गोळ्या बरोबर द्यायचा. वर्षभरात सुखदेव माणसांत आला. अंगाला मांस धरलं. पुन्हा टेम्पो हाकायला लागला, आईची चेष्टा करायला लागला.

"आये, तू बैलाशी बोलतीस तेवढं माझ्याशी बोलली असतीस, तर मी गोळ्या खाल्ल्याच नसत्या."

"बैल ऐकतो म्हनून बोलते," आई म्हणायची.

पण आईच्या डोक्यात एक बसलं होतं. गोळी ती गोळीच. ही गेली, ती आली. पोरगा सुटला कुठं?

त्याच उन्हाळ्यात रिक्षाला भोंगा बांधून सरकारी माणसं गावोगाव फिरली. नशामुक्त तालुका. घरात कुणी व्यसनी असेल तर मेळाव्याला घेऊन या. स्वतःहून येणाऱ्यावर गुन्हा नाही, दोन महिने केंद्रात ठेवून सरकारी खर्चाने उपचार. आईने भोंग्यावर विश्वास ठेवला नाही, ती एवढी भोळी नव्हती. ती स्वतः ठाण्यात गेली आणि इंगवले साहेबांना तोंडावर विचारून आली. "आजी, सरकार म्हणजे मायबाप. माय कधी लेकरावर गुन्हा लावते का?" असं ते म्हणाले.

सुखदेवची इच्छा नव्हती. "मी डाक्टरकडं जातोय की, आये. मला कशाला मांडवात हुबा करतीस?"

"दोन म्हयनं तिथं ऱ्हा. ती गोळीबी सुटंल. मंग मी मेले तरी चालंल मला."

आईपुढे त्याचं कधी चाललं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला. मांडव गच्च भरला होता, आमचं सगळं गाव तिथं होतं. आईचं नाव पुकारलं तेव्हा ती सुखदेवला घेऊन वर गेली. तिने त्याचा हात धरून इंगवले साहेबांच्या हातात दिला आणि मुलगी सासरी पाठवताना म्हणतात तसं म्हणाली, "साहेब, तुमच्या पदरात घातलाय. चुकला-माकला तर सांभाळून घ्या."

"सांभाळू," साहेब माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. आईला शाल दिली. सुखदेव स्टेजवरून थेट खाली उभ्या सरकारी गाडीच्या मागच्या फळीवर उडी मारून चढला, आत जाऊन बसला आणि मला डोळा मारला. तो डोळा अजून माझ्यासमोर आहे.

गाडी उपचाराला गेलीच नाही. ठाण्यात गेली. झडतीत त्याच्या खिशात ती जिभेखालची गोळी सापडली आणि सरकारी दवाखान्याने दिलेलं औषध सरकारी ठाण्यात मुद्देमाल झालं. अभियानात गुन्हे दाखवायचे होते, आणि ज्यांच्या गाड्या नशेचा माल भरून हायवेने जात होत्या त्यांच्या वाटेला कोण जाणार? चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठडीपाशी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. उन्हाळा असा की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, आणि तो कुडकुडत होता. ओकाऱ्या सुरू होत्या. इस्त्रीचा शर्ट ओला होऊन अंगाला चिकटला होता.

"अंकुशा, पानी ऱ्हात न्हाई पोटात," तो म्हणाला. "माझी गोळी मागून बघ की."

मी ठाणे अंमलदाराला हात जोडले. दवाखान्याचं कार्ड दाखवलं. तो म्हणाला, "कोठडीत नशेची गोळी देऊ? माझी नोकरी घालवतो का?"

"मग डॉक्टर तरी बोलवा."

"डॉक्टरने सकाळी बघितलंय. फिट आहे म्हणून लिहिलंय. असले सगळे नाटकंच करतात, दोन दिवस ओरडतात आणि गप होतात."

इंगवले साहेब आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं, आणि कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं.

मी जिल्ह्याच्या दवाखान्याकडे मोटरसायकल पिटाळली. डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली, औषध तोडू नका, सलाईन लावा, जिवाला धोका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी घेऊन ठाण्यात पोचलो तर कोठडी धुऊन काढत होते. सुखदेव गप झाला होता, अंमलदार म्हणाला होता तसाच.

आणि म्हणून इंगवले साहेब चौकशीच्या आदल्या दिवशी आमचा चहा प्यायला आले होते.

मला रात्रभर एकच वाटत होतं. आई काय बोलणार? बोलली तर माझा टेम्पो, माझी वैरण. नाही बोलली तर सुखदेव आजारानेच मेला. सकाळी तालुक्याला जाताना मी तिला म्हणालो, "आये, मला धरतील म्हणून गप बसू नकोस." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

मॅजिस्ट्रेट बाई सावळ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आईला आधी खुर्ची द्यायला लावली. इंगवले साहेबांचा जबाब वाचून दाखवला गेला. व्यसनाने खंगलेला, चालताना झोकांड्या खाणारा, अशा अवस्थेत नातेवाइकांनी स्वखुशीने आणून दिला. उपचार मिळण्यापूर्वीच मूळच्या आजाराने मृत्यू.

"खोटं हाय," आई म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या इंगवले साहेबांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. आईनेही ते पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, "खोटं हाय, बाई. माझा पोरगा धडधाकट हुता. उडी मारून गाडीत बसला."

"हे कोणी पाहिलं?"

"समदं गाव हुतं की मांडवात."

बाईंनी एकेकाला बोलावलं. सरपंच म्हणाले, गर्दी फार होती, नीट दिसलं नाही. मांडववाला म्हणाला, मी माइककडे बघत होतो. रामकिसन हा आमच्या बरोबरीचा हेडी, आमच्या घरी जेवलेला, आईला वहिनी म्हणणारा. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "उनं तोंडावर हुती, बाई. म्या न्हाई बघितलं." त्यालाही टेम्पो होता, त्यातही वैरण होती.

मी गोळीचं सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी दिली. बाईंनी सगळं लिहून घेतलं. शेवटी आईला म्हणाल्या, "आजी, मला तुमचं खरं वाटतं. पण माझ्या वाटण्याने काही होत नाही. देताना तो कसा होता, हे तुम्हा दोघांशिवाय कुणीच सांगत नाहीये."

परतीच्या वाटेवर आई टेम्पोत माझ्या शेजारी ताठ बसली होती. गावाची कमान आली तेव्हा एवढंच म्हणाली, "रामकिसनबी?"

चौकशीचा अहवाल वर गेला आणि वरच राहिला. पावसाळा गेला. मी रोज वैरण उलटीपालटी करून बघायचो. अंगणात पायरव झाला तरी दचकायचो. माणूस किती दिवस असा जगेल? हिवाळ्यात मी जरा सैल पडलो, आणि त्याच सुमाराला एका बाजारी ते आले.

बाजार भर रंगात होता. जीप थेट आमच्या दावणीपाशी थांबली. फौजदार उतरला, टेम्पोत चढला आणि वैरणीत हात घातला. शोधायची वेळच आली नाही, हात गेला तिथेच पुडकं होतं. इंगवले साहेब जीपला टेकून उभे होते. "सांगितलं होतं, जपून राहा," ते म्हणाले. एका शिपायाने माझं मनगट धरलं. मला कोठडी दिसत होती, धुतलेली.

आई दावणीकडून आली. हातात कासरा होता. मला वाटलं, ही आता साहेबांच्या पायावर पडणार. लोकही तेच बघायला गोळा झाले असावेत.

ती शिपायाला म्हणाली, "सोड जरा. पळत न्हाई तो. न्यायचा तर न्या, पर आदी बघून घ्या." मग मला म्हणाली, "अंकुश, शर्ट काढ."

मी बघतच राहिलो.

"काढ म्हनते ना."

मी शर्ट काढला. थंडीत उघडा उभा राहिलो.

"आता चाल. त्या लिंबापातूर जा आन् पळत माघारी ये."

तेव्हा मला कळलं, आणि बाजारालाही कळलं. आमच्यात जनावर दुसऱ्याच्या हाती देताना चार माणसांसमोर चालवून दाखवतात, दात दाखवतात, अंगावरून हात फिरवून दाखवतात. मग पुढे लंगडलं तर दोष देणाऱ्याचा नाही, नेणाऱ्याचा. आईने आयुष्यभर साधं वासरू दाखवल्याशिवाय दिलं नव्हतं. आणि पोटचा पोरगा तिने टाळ्यांच्या गजरात तसाच देऊन टाकला होता.

मी लिंबापर्यंत गेलो, पळत परत आलो. तिने मला तोंड उघडायला लावलं. दोन्ही हात वर करायला लावले, वळवून पाठ दाखवली. मग गर्दीकडे तोंड करून म्हणाली, "रामकिसनभावजी, म्होरं या. आज उनं पाठीवर हायती तुमच्या."

रामकिसन पुढे आला. त्याची मान खाली होती. आईने त्याचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. "वळ हाय का कुटं? जखम?"

"न्हाई, वहिनी."

"मोट्यानं."

"न्हाई. म्या बघितला." त्याने मान वर केली. "चांगला हाय पोरगा. म्या सांगीन, कुटंबी सांगीन."

मग आई एकेकाचं नाव घेत गेली. सरपंच बैल बघायला आले होते, त्यांनाही सोडलं नाही. कोणी लांबून, कोणी जवळ येऊन, म्हणत गेला, बघितला. बघितला. दावणीची माणसं सौदे सोडून आली. जीपभोवती कडं झालं, आणि ते कडं काही बोलत नव्हतं, हलतही नव्हतं.

"म्हातारे, हा काय बैल आहे का?" इंगवले साहेब म्हणाले. हसले, पण कुणी साथ दिली नाही.

"बैल न्हाई, साहेब," आई म्हणाली. "बैल दिल्यावर परत मागत न्हाईत. ह्यो मला परत पायजे." तिने कासऱ्याचं वेटोळं खाली ठेवलं. "तुमी नेनार. तर तुमी सांगा, कसा नेताय?"

"ठीक आहे, ठीक आहे."

"ठीक न्हाई. समद्यांस्नी ऐकू जाऊ द्या."

साहेबांनी सभोवार पाहिलं. जीपला वाट नव्हती.

"धडधाकट आहे," ते म्हणाले.

त्या कोठडीत मला कुणी बोट लावलं नाही. अंमलदार जेवलास का म्हणून विचारायचा, पाणी हवं का म्हणायचा, आणि सुखदेव ज्या भिंतीला टेकला होता तिथे मी टेकत नव्हतो. पुढे तुरुंगात बरेच दिवस गेले. कोर्टात रामकिसन आला, सरपंच आले, निम्मा बाजार आला. न शोधता फौजदाराचा हात पुडक्यावर कसा पडला, हे त्यांनी सांगितलं आणि मी सुटलो. इंगवले साहेब तोवर बढती घेऊन दुसरीकडे गेले होते.

तुरुंगाच्या दारात आई उभी होती. मला वाटलं, जवळ घेईल. तिने मला थोडं चालायला लावलं. पाठीवरून हात फिरवला, मनगटं दाबून बघितली. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाली, तेव्हा ती तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसली आणि सुखदेवचं नाव घेऊन रडली. तो गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मीही तिच्याजवळ बसलो, येणारे-जाणारे बघत होते, आम्हाला कशाची लाज वाटली नाही.

मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "एक आनला माघारी. आता दुसऱ्याचं इचारायचं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर सोमवारी आई कलेक्टर कचेरीच्या दाराशी जाऊन बसते आणि जो अधिकारी बाहेर येईल त्याला विचारते, धडधाकट नेला होता, परत का दिला नाही? अधिकारी बदलत राहतात. नवीन असतो तो थांबून ऐकतो, जुना मागच्या दाराने जातो. हल्ली तिला कचेरीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मी तिला उचलून वर नेतो.